शिब्बोलेथ आणि शिदोरी

इंग्रजी भाषा म्हणजे वाघिणीचे दूध, हे विष्णुशास्त्री चिपळूणकरांच्या नावावर सांगितले जाणारे वचन आपण सर्वांनी शाळेत ऐकलेले असते. आमच्या घाटंजीत ते ऐकताना माणसे किंचित हसतात. टिपेश्वरचे अभयारण्य आमच्या तालुक्याला बिलगून पसरलेले आहे. वाघिणीच्या वाटेला जाणे म्हणजे काय, हे सकाळी कापूस वेचायला निघणाऱ्या बायाबापड्यांना पुस्तकातून शिकवावे लागत नाही. तरीही याच आया आपल्या लेकरांना ते दूध मिळावे म्हणून जिवाचे रान करतात. वेचणीच्या मजुरीतून शिकवणीचे पैसे बाजूला काढून ठेवतात आणि भेटल्या की म्हणतात, "पोराले इंग्रजी आली पायजे, फादर. मंग त्याचं भलं होते."

हा विश्वास भाबडा आहे असे मी म्हणणार नाही. तालुक्याच्या बाहेर पडताच प्रत्येक दारावर इंग्रजी उभी असते, हे त्या आयांनी पाहिले आहे. मात्र त्या दारातून आत जाण्यासाठी मुले कोणती इंग्रजी शिकतात आणि ती शिकताना त्यांच्या मनाचे काय होते, याचा विचार आपल्या घरांतून फारसा होत नाही. तो करण्याची संधी मला एका वहीने दिली.

मिशनच्या आवारातील एका खोलीत संध्याकाळी अभ्यासिका चालते. दहावी-बारावीची पंधरा-वीस मुले येतात. काही आपल्या ख्रिस्ती कुटुंबांतली, बरीचशी इतर. त्यांत बारावीची एक मुलगी होती. वडील जिनिंगमध्ये हमाल. अबोल, पण हुशार. तिच्याजवळ एक जाड वही होती आणि त्या वहीत चारशेच्या वर इंग्रजी शब्द होते. मी ती चाळली आणि थक्क झालो, कारण त्यांत साधा शब्द एकही नव्हता. जे शब्द इंग्लंडमधल्या माणसालाही जन्मात एखाद्याच वेळी भेटावेत, असे विरळे, अवघड, लांबलचक शब्द तिने मोत्यासारख्या अक्षरांत उतरवून काढले होते. शेजारी अर्थ. पाठांतर चोख.

"एवढे कठीण शब्द कशासाठी गं?" मी विचारले.

बराच वेळ ती बोलली नाही. मग कळले. एका मोठ्या शहरातील महाविद्यालयात ती मुलाखतीला गेली होती. 'तुझा आवडता विषय कोणता?' या प्रश्नाला तिने उत्तर दिले, 'इंग्लिस.' आमच्या वऱ्हाडी बोलीत 'श'चा 'स' सहज होतो. शाळेची साळा होते, शेताचे सेत होते. टेबलापलीकडून कोणीतरी हसले. बाकीचे प्रश्न तिला ऐकूच आले नाहीत.

"आता मी असे शब्द शिकीन, फादर," ती म्हणाली, "की त्यांनाच डिक्शनरी उघडावी लागेल."

वहीच्या मधल्या एका पानावर 'शिब्बोलेथ' हा शब्द होता. अर्थ लिहिला होता, 'परवलीचा शब्द'. अर्थ बरोबर होता. पण या शब्दामागची कथा तिला ठाऊक नव्हती. मी कपाटातून पवित्र शास्त्र काढले आणि जुन्या करारातील शास्ते या पुस्तकाचा बारावा अध्याय तिच्यापुढे ठेवला.

गिलाद आणि एफ्राइम या इस्राएलच्याच दोन घराण्यांत युद्ध पेटले. एफ्राइमचा पराभव झाला. पळून जाणारे लोक यार्देन नदीच्या उतारापाशी येत, तेव्हा तेथे पहाऱ्यावर असलेले गिलादी त्यांना 'शिब्बोलेथ' म्हणायला लावत. एफ्राइमी माणसाच्या जिभेला 'श' वळत नसे. तो 'सिब्बोलेथ' म्हणे आणि तेथेच मारला जाई. त्या वेळी एफ्राइमचे बेचाळीस हजार लोक पडले, असे शास्त्र सांगते. माणूस आपला की परका हे ओळखण्याची खूण म्हणून हा हिब्रू शब्द पुढे इंग्रजीत रूढ झाला.

तिने तो भाग दोनदा वाचला. मग हळूच म्हणाली, "म्हणजे मीसुद्धा सिब्बोलेथच म्हटलं."

मी तिला एक गोष्ट आणखी सांगितली. हिब्रू भाषेत शिब्बोलेथ या शब्दाचा एक अर्थ आहे धान्याचे कणीस. ज्यातून भाकरी व्हावी त्या कणसाचे नाव नदीच्या उतारावर तलवार झाले. शब्द तोच होता. ज्यांच्या हाती तो पडला त्यांच्या मनात काय होते, यावर सारे ठरले.

उतारावर आपल्याला अडवले गेले याचे दुःख खरे असते. पण उद्या पहाऱ्यावर उभे राहण्याची पाळी आपली आली, तर आपण त्याच शब्दाचे काय करू? तिच्या वहीतले चारशे शब्द मला त्या दिवशी दोन्ही रूपांत दिसले. ती तलवारीही होत्या आणि कणसेही होती.

मी तिला शब्द टाकून दे असे सांगितले नाही. जमवलेले धन कोणी टाकू नये. आम्ही इतकेच ठरवले की शब्द पाठ करण्याआधी तो उघडून पाहायचा. तो कोणत्या घरचा, कोणत्या वाटेने आला, त्याच्या पोटात काय आहे, हे विचारायचे. ही सवय मला नागपूरच्या सेंट चार्ल्स सेमिनरीत लॅटिनच्या तासाला लागली होती.

वहीतला पहिलाच शब्द होता 'सेस्क्विपेडेलियन', म्हणजे लांबलचक शब्द वापरणारा. लॅटिनमध्ये त्याचा मूळ अर्थ 'दीड फूट लांबीचा'. रोमन कवी होरेस याने फुगवलेल्या भाषेची थट्टा करताना दीड-दीड फुटी शब्दांचा उल्लेख केला होता. शब्दांची हौस असणाऱ्यांना चिमटा काढणारा शब्दच दीड फुटी असावा, याची तिला गंमत वाटली. त्या संध्याकाळी मी तिला प्रथमच हसताना पाहिले.

पुढचा शब्द होता 'अल्ट्राक्रेपिडेरियन'. आपल्याला ज्यातले कळत नाही त्यावर मत देणारा. यामागे प्लिनी या रोमन लेखकाने सांगितलेली एक कथा आहे. अपेल्लीस नावाचा चित्रकार आपली चित्रे लोकांपुढे मांडून ठेवी आणि आड उभा राहून त्यांचे बोलणे ऐके. एका चांभाराने चित्रातल्या वहाणेतील चूक दाखवली. चित्रकाराने ती मुकाट्याने दुरुस्त केली. दुसऱ्या दिवशी चांभाराने चित्रातल्या पायालाही नाव ठेवले, तेव्हा अपेल्लीस बाहेर येऊन म्हणाला, चांभाराने वहाणेच्या वर जाऊ नये. लॅटिनमध्ये वहाणेला 'क्रेपिडा' म्हणतात. त्यावरून इंग्रज निबंधकार विल्यम हॅझ्लिट याने १८१९ साली हा शब्द वापरला. "आपल्याकडे अशा माणसाला काय म्हणतात?" मी विचारले. तिने क्षणभर विचार केला आणि म्हणाली, "उंटावरचा शहाणा." मी म्हटले, लिही. वहीच्या उजव्या बाजूला तिने तो पहिला मराठी शब्दप्रयोग लिहिला.

मग 'पेट्रिकोर' आला. कोरड्या मातीवर पहिला पाऊस पडल्यावर येणारा वास. हा शब्द जुना असेल अशी तिची समजूत होती. तो आहे १९६४ सालचा. इझाबेल बेअर आणि रिचर्ड थॉमस या ऑस्ट्रेलियात काम करणाऱ्या शास्त्रज्ञांनी 'नेचर' या नियतकालिकातील लेखात तो घडवला. 'पेट्रा' म्हणजे ग्रीक भाषेत खडक. संत पेत्राचे नाव ज्या शब्दावरून आले, तोच हा. आणि 'इकॉर' म्हणजे ग्रीक पुराणकथांतील देवांच्या धमन्यांतून वाहणारा रस. याच शास्त्रज्ञांनी आपल्या लेखात भारतातील कनौजच्या अत्तरवाल्यांची नोंद केली आहे, कारण तेथे तापलेल्या मातीचा तो वास अत्तरात धरून कुपीत भरण्याची कला आधीपासूनच होती. मराठीत आपण त्याला मृद्गंध म्हणतो. मे महिन्याच्या शेवटी घाटंजीच्या काळ्या भेगाळ रानावर पहिली सर आली की तो वास दारात येऊन उभा राहतो. इंग्रजीला नाव मिळायला १९६४ साल उजाडावे लागले. आमच्या माणसांच्या नाकाला तो केव्हाचा ओळखीचा होता.

आणि शेवटी आले 'मॉन्गूस'. हा काही विरळा शब्द नव्हे. पण त्याचे घर कोणते, हे फार थोड्यांना माहीत असते. इंग्रजीत हा शब्द आला तो आपल्या मराठी मुंगुसावरून. हे सांगितल्यावर ती कितीतरी वेळ माझ्याकडे पाहत राहिली. "म्हणजे इंग्रजांनी आपल्याकडून घेतला?" "होय." "हा तर आमच्या धुऱ्यावरून पळतो!" धुरा म्हणजे आमच्याकडे शेताचा बांध. मला वाटते, मुलाखतीच्या दिवसापासून तिच्या मनात मोडलेले काहीतरी त्या मुंगुसाने थोडे सांधले. इंग्रजी ही केवळ देणारी नव्हे, घेणारीही भाषा आहे. आणि ज्यांच्याकडून तिने घेतले त्यांत आपणही आहोत, हे तिला दिसले.

शब्द उघडून पाहण्याची ही रीत जगात इतरत्रही मान्य आहे. अमेरिकेत १९२५ पासून शाळकरी मुलांची शब्दलेखनाची एक राष्ट्रीय स्पर्धा होत आली आहे. तिच्यात उच्चारलेला शब्द अचूक अक्षरांत सांगायचा असतो. भारतीय वंशाच्या मुलांनी गेली कित्येक वर्षे तिच्यात आपला ठसा उमटवला आहे. २०१९ साली तर शब्द संपत आले तरी मुले हरेनात, आणि एकाच वेळी आठ जणांना विजेते ठरवावे लागले. त्यांतील सात भारतीय वंशाचे होते. एकाचे आडनाव अस्सल मराठी. या मुलांना प्रश्न विचारण्याची मुभा असते आणि त्यांचा ठरलेला एक प्रश्न असतो, 'हा शब्द मूळ कोणत्या भाषेचा?' ते कळले की न ऐकलेल्या शब्दाचेही दार त्यांना उघडता येते. निव्वळ घोकंपट्टीवर कोणी तेथवर पोहोचत नाही.

त्या आठ जणांच्या शेवटच्या शब्दांत एक होता 'बोगनव्हिलिया'. बोगँव्हिल या फ्रेंच दर्यावर्दीच्या नावाचे ते दक्षिण अमेरिकेतले झाड. आमच्या मिशनच्या कुंपणावर ते उन्हाळाभर फुललेले असते आणि आमचा माळी त्याला म्हणतो बोगनवेल. फ्रेंच माणसाच्या आडनावातून मराठीने परस्पर एक वेल काढून कुंपणावर चढवली! दुसऱ्या एका विजेत्याचा शब्द होता 'सर्न्युअस', म्हणजे मान खाली घातलेले, झुकलेले. मुलीने त्याच्यापुढे लिहिले, 'भरलेलं कणीस'.

गेल्या हिवाळ्यात तिची आजी अंथरुणाला खिळली. आयुष्यभर दुसऱ्यांच्या शेतात कापूस वेचलेली बाई. तिच्या गावी मी ख्रिस्तप्रसाद घेऊन गेलो, तेव्हा मुलगीही तेथेच होती. आजीची शुद्ध शाबूत होती. वातावरणातला गंभीरपणा तिने ओळखला आणि विचारले, "फादर, हे आज येगळं हाय का?"

मी म्हणालो, "तेच आहे, आजी. पण आज ते वाटेसाठी आहे."

"म्हंजे शिदोरी," आजी म्हणाली, आणि तिने हात जोडले.

बाहेर अंगणात आल्यावर मुलीने मला विचारले, याला इंग्रजीत काही नाव आहे का. आहे. मरणाच्या दारी दिल्या जाणाऱ्या ख्रिस्तप्रसादाला 'व्हायॅटिकम' म्हणतात. 'व्हिया' म्हणजे लॅटिनमध्ये वाट. प्राचीन रोममध्ये प्रवासाला निघणाऱ्याला वाटेसाठी जे अन्न, पैसे, सामान दिले जाई, ते व्हायॅटिकम. ख्रिस्तसभेने तो शब्द उचलला आणि शेवटच्या प्रवासाला लावला. कोशांना त्याचा अर्थ सांगायला दोन-तीन ओळी लागतात. शाळेचे तोंड न पाहिलेल्या त्या माउलीने तो एका शब्दात सांगितला होता, आणि तो शब्द तिच्या रोजच्या वापरातला होता. कारण सकाळी भाकरी फडक्यात बांधून ती रानात जात असे. रात्री मुलीने वहीत डावीकडे व्हायॅटिकम लिहिले, उजवीकडे शिदोरी. त्या पानावर तिने दुसरा कोणताही शब्द लिहिलेला नाही.

चार दिवसांनी आजी गेली. कापसाची उलंगवाडी होत आली होती.

उलंगवाडी हा शब्द पुण्या-मुंबईच्या वाचकांना कदाचित अडेल. शेवटचा कापूस वेचून झाला, रान मोकळे झाले, हंगाम आटोपला, की आमच्याकडे म्हणतात, उलंगवाडी झाली. त्यात समाधान असते, थकवा असतो आणि थोडी हुरहुरही असते. इंग्रजीत त्याला काय म्हणतात, असे मुलीने मला विचारले. मी शोधले, मिळाले नाही. आमच्या वहीत पहिल्यांदाच उजवी बाजू भरली आणि डावी रिकामी राहिली.

मग तिला नादच लागला. पऱ्हाटी, सरकी, तिफण, डवरणी, सीतादही. वेचणीला आरंभ करताना शेतात जी दहीभाताची पूजा होते, ती सीतादही. बापाला, आत्याला, शेजारच्या म्हाताऱ्याला विचारून ती शब्द आणू लागली. तिच्या लक्षात आले की अभ्यासिकेतल्या निम्म्या मुलांना यांतले निम्मे शब्द ठाऊक नाहीत. इंग्रजीतले दुर्मीळ शब्द शोधता शोधता आपल्या अंगणातले शब्द दुर्मीळ होऊन बसले आहेत.

तेव्हा मी तिला दोन इंग्रजांविषयी सांगितले. पहिले फादर थॉमस स्टीफन्स. १५७९ साली गोव्यात आलेल्या या इंग्रज येशूसंघी धर्मगुरूने आपल्या लोकांची भाषा इतकी आत्मसात केली, की १६१६ साली त्याचे सुमारे अकरा हजार ओव्यांचे मराठी 'ख्रिस्तपुराण' छापले गेले. स्वर्गासाठी त्याने परका शब्द आणला नाही. ऐकणाऱ्यांच्या ओळखीचा वैकुंठ हा शब्द घेतला. दुसरे जेम्स मोल्सवर्थ. कंपनी सरकारच्या सैन्यातील हे अधिकारी पंडितांना हाताशी धरून मराठी शब्द गोळा करीत राहिले. १८३१ साली त्यांचा मराठी-इंग्रजी कोश निघाला आणि १८५७ च्या दुसऱ्या आवृत्तीत शब्दांची संख्या साठ हजारांच्या घरात गेली. ग्रंथातल्या शब्दांबरोबर खेड्यापाड्यांतले, बोलीतले शब्दही त्यांनी मानाने घेतले. पुढे आपल्या बाबा पदमनजींनी १८६३ साली त्या कोशाचा संक्षेप करून तो सामान्य विद्यार्थ्यांच्या हाती दिला. इतक्या दुरून आलेल्या माणसांनी आपल्या शब्दांसाठी एवढे कष्ट घेतले, ते कोणाला खाली पाहायला लावण्यासाठी नव्हे. त्यांना येथल्या माणसाशी बोलायचे होते.

या साऱ्याची कसोटी एका संध्याकाळी लागली. अभ्यासिकेत कोलाम समाजाचा एक मुलगा येतो. घरी तो कोलामी बोलतो. ती द्रविड कुळातली भाषा, मराठीहून अगदी निराळी. दोन दिवस का आला नाहीस, असे मी विचारले, तेव्हा तो उभा राहून म्हणाला, "माझा आई बिमार होता." सारी खोली हसली. मुलगीही हसली. आणि मग एकाएकी थांबली. त्या मुलाची खाली गेलेली मान तिने पाहिली. तिला काय आठवले असेल, ते मी सांगायला नको. उतारावरचा पहारा या वेळी तिच्याकडे होता.

ती उठून त्याच्या शेजारी जाऊन बसली. आईची चौकशी केली. मग वही उघडून विचारले, "तुमच्या भाषेत आईले काय म्हणते?" त्याने आधी संशयाने तिच्याकडे पाहिले, मग सांगितले. देवनागरीत तो उच्चार नीट बसेना; तिने त्याला तीनदा म्हणायला लावून तो लिहिला. खोली गप्प झाली होती. मी त्या मुलाला सांगितले की एमेनो नावाच्या परदेशी पंडिताने त्याच्या भाषेवर १९५५ साली इंग्रजीत एक अख्खा ग्रंथ लिहिलेला आहे. "आमच्या भाषेवर?" त्याने दोनदा विचारले. आता वहीत तिसरा रकाना आहे.

वाचकांना उत्सुकता असेल म्हणून सांगतो. त्या मोठ्या महाविद्यालयात मुलीला प्रवेश मिळाला नाही. चारशे दुर्मीळ शब्दांनी तिला ते दार उघडून दिले नाही. ती आता दुसऱ्या गावी परिचारिकेचे शिक्षण घेत आहे आणि तेथे तिला रोज लागणारी इंग्रजी साधी आहे. औषध केव्हा घ्यायचे, कुठे दुखते, भीती वाटते का. म्हणून पालकांना माझे पहिले सांगणे हेच की एका अवघड शब्दाआधी मुलांना शंभर सोपी वाक्ये बोलू द्या. ती बोलताना 'इंग्लिस' झाले तर सावकाश सुधारा. हसू मात्र नका. उच्चार महिन्याभरात सुधारतो. हसण्याची जखम वर्षानुवर्षे राहते.

पण दुर्मीळ शब्दांचा छंद वाया गेला असे मी मानत नाही. असे शब्द मुलांनी जरूर शिकावेत. रात्री जेवताना त्यांना विचारावे, आज कोणता शब्द मिळाला, तो कुठून आला, आणि आपल्याकडे त्याला काय म्हणतात? या तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर बहुधा मुलांपाशी नसते. ते आजी-आजोबांपाशी असते, आणि ती उत्तरे आमच्या गावांतून दरवर्षी थोडी थोडी मातीआड जात आहेत. ती आजच विचारून ठेवावीत. परक्या भाषेच्या वाटेवर निघालेल्या लेकरांना बांधून देण्यासारखे आपल्या घरात एवढे तरी आहे.